युद्धकादंबरीत पाणी कोण भरतंय? पर्यावरणीय स्त्रीवादी वाचनाची कृती, टप्प्याटप्प्यानं

नाशिकमधल्या वाचनगटांत आणि मराठीच्या पदव्युत्तर वर्गांत ऐतिहासिक युद्धकादंबरीवर लिहिलेले निबंध माझ्याकडे तपासायला येतात. विषय असतो ‘पर्यावरणीय स्त्रीवादी दृष्टिकोन’. बहुतेकांचा शेवट एकाच वाक्यावर होतो : नदी ही माता, भूमी ही स्त्री, युद्ध हे पुरुषी, म्हणून युद्धात स्त्री आणि निसर्ग या दोघांवर अन्याय होतो. हे वाक्य कादंबरी न उघडताही लिहिता येतं. ज्या निष्कर्षासाठी पुस्तक वाचावंच लागत नाही, त्याला वाचन कसं म्हणायचं?

गडबड होते ती क्रमात. वाचक आधी उपमा शोधायला जातात आणि कष्टांकडे बघायचं राहून जातं. क्रम उलटा हवा. फौजेला पाणी, धान्य, चारा, सरपण कुठून आलं आणि ते कुणी आणलं, हे आधी बघायचं. प्रतिमा नंतर. या दृष्टिकोनाचा गाभा एवढाच आहे की जी व्यवस्था जमीन, पाणी, जनावरं यांना फुकटचा साठा समजते, तीच व्यवस्था बायकांच्या कष्टांनाही फुकट समजते. युद्धात या दोन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच छावणीत दिसतात, म्हणून युद्धकादंबरी या वाचनाला फार सोयीची.

उदाहरणासाठी मी पानिपतची मोहीम घेतली आहे. या मोहिमेवरची तुमच्या हातातली कुठलीही कादंबरी चालेल. घटना मराठी घराघरात माहीत आहेत आणि नाशिकशी तिचे दोन धागे थेट जुळतात. पंचवटीत ज्यांच्या नावाचं मंदिर आणि घंटा आहे, ते नारोशंकर १७६० मध्ये दिल्लीच्या बंदोबस्तावर होते. आणि पानिपतावर पडलेल्या विश्वासरावांची आई गोपिकाबाई उत्तरायुष्यात आपल्या गंगापूरला येऊन राहिली. दुसऱ्या महायुद्धावरची किंवा किल्ल्याच्या वेढ्यावरची कादंबरी असेल तरी टप्पे हेच.

तयारी

पुस्तक स्वतःचं असेल तर उत्तम. वाचनालयाचं असेल तर त्यावर पेन्सिलसुद्धा चालवू नका, चिकटचिठ्ठ्या वापरा. आवृत्ती आणि तिचं वर्ष पहिल्याच पानावर लिहून ठेवा. लोकप्रिय ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघतात आणि पान क्रमांक सरकतात.

एक जाड वही घ्या. मोबाइलमधल्या नोंदी या कामाला पुरत नाहीत, कारण पुढे रकाने आखायचे आहेत आणि ते शेजारी शेजारी दिसायला हवेत.

वाचायला बसण्याआधी दोन गोष्टी वहीत काढा.

पहिली, नकाशा. हाताने काढलेला ओबडधोबड चालेल. परतूरहून निघालेली फौज कुठून कुठे गेली, वाटेत नर्मदा, चंबळ, यमुना कुठे लागल्या, एवढं त्यात हवं.

दुसरी, महिन्यांची पट्टी. मार्च १७६० मध्ये परतूरहून कूच, पावसाळ्यात नद्यांना पूर, ऑगस्टमध्ये दिल्ली ताब्यात, ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा, त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून अलीकडे, मग नोव्हेंबरपासून दोन्ही फौजा समोरासमोर, आणि १४ जानेवारी १७६१ ला लढाई. प्रत्येक महिन्याखाली लिहा : शेतात काय उभं असेल? नदी कशी असेल? थंडी किती? उत्तरेतली पौषाची थंडी आणि आपल्याकडची थंडी यांत फार फरक आहे, आणि छावणीतली बरीचशी माणसं दख्खनची होती.

*तपासणी :* पट्टीवर बोट ठेवून ‘या महिन्यात घोड्यांना हिरवा चारा मिळाला असता का?’ याचं उत्तर देता येत असेल, तर पुढे जा.

टप्पा १ : पहिलं वाचन, हातात पेन न घेता

कादंबरी सरळ वाचून काढा. रडू आलं तर येऊ द्या. पहिल्या वाचनातच अर्थ लावायला बसलं, की आधी ठरवलेलाच अर्थ सापडतो.

फक्त रोज वाचून उठताना एक ओळ लिहा : आज मी कोणती पानं भरभर उलटली? बहुतेकांची डोळ्यांखालून निसटलेली पानं सारखीच असतात. छावणीची वर्णनं, बाजार, मुक्काम उठण्या-पडण्याची धांदल, जनावरांची दुखणी. मसलती आणि तलवारी मात्र एक ओळही न गाळता वाचलेल्या असतात. तुम्ही गाळलेली पानं हाच दुसऱ्या वाचनाचा कच्चा माल आहे.

टप्पा २ : पाणी, दाणा, वैरण, सरपण

हा सगळ्यात लांबचा टप्पा आहे आणि इथेच लोक घाई करतात. वहीत सहा रकाने आखा : पान क्रमांक, वस्तू, कुठून आली, कुणी आणली, कुणी वापरली, आणि वाक्यात कर्ता आहे की नाही.

शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. सरावासाठी मी रचलेला हा उतारा बघा. असे उतारे कुठल्याही युद्धकादंबरीत भेटतील :

‘सूर्य मावळतीला झुकला. छावणीत चुली पेटल्या. घोड्यांची दाणावैरण झाली. सदरेवर मसलत बसली. पलीकडे यमुना रुसलेल्या नवोढेसारखी तोंड फिरवून वाहत होती.’

आता रकाने भरा. चुली पेटल्या. कुणी पेटवल्या? सरपण कुठलं? हजारो चुलींना रोज लाकूड लागतं, म्हणजे आसपासच्या रानाचं काय झालं? दाणावैरण ‘झाली’. कुणाच्या हातून? घोड्याला दिवसाला साधारण २५ ते ४० लिटर पाणी लागतं, म्हणजे एक हजार घोड्यांना २५ ते ४० हजार लिटर. हे पाणी पखालींतून, मशकांतून, घागरींतून कुणीतरी वाहून आणलेलं आहे. उताऱ्यात मात्र चुली आपोआप पेटतात आणि वैरण आपोआप होते. मराठीत अशी वाक्यं इतकी सहज बसतात, की कष्ट करणारा माणूस गळाला हे कळतही नाही. आणि अख्ख्या उताऱ्यात बाई म्हणून एकच जण दिसते, ती म्हणजे नदी. चूल पेटवणारी दिसत नाही, पण यमुना नवोढा होऊन दिसते. पाच छोट्या वाक्यांत एवढं सापडतं.

ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ वॅल प्लमवूड यांनी १९९३ च्या त्यांच्या ग्रंथात मांडलेला एक मुद्दा इथे उपयोगी पडतो. वरचढ पक्ष ज्यांच्या जिवावर जगतो, त्यांनाच पार्श्वभूमीत ढकलतो आणि आपण कुणावर अवलंबून आहोत हे नाकारतो. युद्धकादंबरीत ही पार्श्वभूमी शब्दशः डोळ्यांसमोर असते : तंबूंच्या मागची बाजू. तिथे कोण आहे, हे शोधायला हा तक्ता.

सगळं पुस्तक या पद्धतीनं भरायचं नाही. सुरुवातीचा एक मुक्काम, मधला एक, उपासमारीच्या काळातला एक आणि लढाईच्या आदल्या रात्रीचा एक, असे चार तुकडे निवडा. टप्पा १ मध्ये गाळलेल्या पानांतला निदान एक त्यात असू द्या.

*सावधान :* ‘पाण्याचा उल्लेख २१ वेळा आला’ अशी मोजदाद करून थांबू नका. नुसत्या आकड्यातून काहीच सिद्ध होत नाही. कर्ता कधी दिसतो आणि कधी नाहीसा होतो, यातला फरक बघा. बहुतेकदा पुरवठा सुरळीत असतो तोवर कर्ता गायब असतो आणि टंचाई सुरू झाली की अचानक दिसू लागतो, तोही तक्रार करणारा म्हणून. तुमच्या कादंबरीत असं होतं का? होत नसेल तर तीही मोलाची नोंद आहे.

नाशिककरांसाठी एक सराव. रामशेजवर जाऊन या. १६८२ पासून मोगलांनी या छोट्याशा किल्ल्याला वर्षानुवर्षं वेढा घातला होता. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, तेव्हा झाडांचे बुंधे पोखरून, त्यांवर कातडं चढवून त्यांच्या तोफा केल्याचं मोगल इतिहासकार खाफीखान लिहितो, आणि मोगलांनीही गडावर मारा करायला लाकडाचा उंच दमदमा, म्हणजे तोफा चढवायचा मनोरा, उभारला. आपण ही गोष्ट मुलांना शौर्य म्हणून सांगतो, आणि ते शौर्य होतंच. पण गडावरची टाकी बघा, खालचा उघडा माळ बघा आणि तेच सहा रकाने भरा. झाडं कुठली, जनावरं कुणाची, खालच्या गावांचं सरपण कुठे गेलं, वेढ्याच्या काळात टाक्यातलं पाणी कोण वाटत असेल? मग कादंबरीकडे परत या, नजर तयार झालेली असते.

टप्पा ३ : ‘स्त्री’ हा एकच रकाना फोडा

मोहिमेचे सेनापती सदाशिवरावभाऊ यांच्या पत्नी पार्वतीबाई मेण्यात आहेत. तीर्थयात्रेसाठी फौजेसोबत निघालेल्या बायका आहेत. सरदारांच्या घरच्या आहेत. त्यांच्या दासी, कुणबिणी आहेत. बाजारातल्या आहेत, नाचणाऱ्या आहेत. या सगळ्यांना एका ‘स्त्री’ शब्दात बांधलं की वाचन तिथेच फसलं. पाणी वाहणारी आणि त्या पाण्यानं आंघोळ करणारी या दोघीही स्त्रियाच आहेत.

बीना अगरवाल यांनी १९९२ च्या लेखात हेच ठणकावून सांगितलं : स्त्रियांचं निसर्गाशी नातं जन्मजात नसतं. ते कामाच्या वाटणीतून, मालकीतून, वर्गातून आणि जातीतून घडतं. मराठी कादंबरी वाचताना जात विसरून चालणारच नाही. विहीर कुणाची, घागर कुणाची, कुणाच्या हातचं पाणी चालतं, हे प्रश्न छावणीत गेल्यानं सुटत नाहीत.

ज्यांना कसल्याच तक्त्यात जागा मिळत नाही, अशा बायका आणखी एका ठिकाणी आहेत : वाटेवरच्या गावांत. फौज पुढे सरकते तेव्हा कुणाच्या तरी उभ्या पिकातून सरकते. ते पीक कापणारी, कोठीत भरून ठेवणारी जाट, गुजर, अहिर शेतकऱ्यांची घरं होती. मराठी वाचकाची सहानुभूती भाऊंच्या छावणीशी इतकी बांधलेली असते, की आपल्या फौजेनं उचललेला चारा हा कुणाच्या तरी गोठ्यातला होता, हे आपण सोयीनं विसरतो. मला हा भाग सगळ्यात जास्त बोचतो, आणि निबंधांत तो जवळजवळ कधीच येत नाही.

*तपासणी :* वहीत निदान चार वेगवेगळ्या दर्जांच्या बायका आणि निदान एक ‘परकी’ बाई नोंदली आहे का? कादंबरीत परकी बाई नसेलच, तर ‘नाही’ असं ठळक लिहा.

टप्पा ४ : आता उपमा

इथवर थांबलात ते यासाठी. आता पुन्हा पानं चाळा आणि चार प्रकारच्या प्रतिमा वेगळ्या काढा :

१. बाईला निसर्ग केलं आहे : वेल, हरिणी, वीज.
२. निसर्गाला बाई केलं आहे : नवोढा नदी, विधवा माळरान, माता भूमी.
३. जिंकायच्या मुलखाला बाई केलं आहे : दिल्लीला वरणं, गडाचं कौमार्य.
४. पुरुषाला निसर्ग केलं आहे : सिंह, वादळ, पहाड.

चौथा प्रकार लोक गाळतात, आणि त्यामुळे त्यांचा युक्तिवाद लंगडा पडतो. पुरुषही निसर्गच होतो, पण कुठला? सिंह शिकार करतो, हरिणी शिकार होते. निसर्गाच्या आतही उतरंड लावलेली असते, तुलना त्या उतरंडीची करा.

प्रत्येक प्रतिमेपुढे लिहा : हे कोण बोलतंय? पात्र, की निवेदक? अठराव्या शतकातला सरदार मुलखाला ‘वरायला’ निघाला, तर ती त्याची भाषा झाली. निवेदकही तेच म्हणत असेल, तर ती कादंबरीची भाषा झाली. आणि निवेदक सरदाराच्या तोंडी ते वाक्य देऊन लगेच पुढच्या परिच्छेदात जळलेलं शेत दाखवत असेल, तर कादंबरी सरदाराशी भांडते आहे. हा तिसरा प्रकार ओळखता आला नाही, तर चांगल्या लेखकावर नाहक आरोप होतो.

मग प्रतिमा टप्पा २ च्या तक्त्याशेजारी ठेवा. ज्या पानावर नदी बाई झाली आहे, त्याच पानावर खऱ्या बायका काय करताहेत? वरच्या सराव-उताऱ्यात जसं दिसलं, तसं तुमच्या पुस्तकातही दिसतं का?

टप्पा ५ : इतिहास कुठला, कादंबरी कुठली

छोटा टप्पा आहे, पण वगळू नका. लेखकाला जे साधनांत मिळालं त्याचा दोष त्याला देऊ नका, आणि त्यानं जे निवडलं ते इतिहासाच्या माथी मारू नका.

एक उदाहरण पुरेल. छावणीची उपासमार झाल्यावर सरपण आणि चारा आणायला रात्री बाहेर पडलेली बुणग्यांची, म्हणजे फौजेसोबतच्या बिनलढाऊ माणसांची, मोठी टोळी अफगाणांच्या हाती सापडून कापली गेली, असं त्या काळातल्या काशीराज पंडिताच्या फारसी वृत्तांतात आहे. लढाईआधीचं हे हत्याकांड लाकूड आणि गवत यांपायी झालेलं आहे. तुमच्या कादंबरीत त्याला प्रसंग मिळाला आहे, एक ओळ मिळाली आहे, की काहीच नाही? मिळाला असेल तर तो कुणाच्या डोळ्यांतून दिसतो : मरणाऱ्यांच्या, की बातमी ऐकणाऱ्या सरदाराच्या? लेखकाची निवड इथे पकडता येते.

असाच दुसरा धागा पराभवाच्या त्या सांकेतिक निरोपाचा. मोत्यं गळाली, मोहरा हरवल्या आणि खुर्द्याची गणती नाही, हा हिशेब शाळेपासून आपल्याला पाठ असतो. मोत्यांना नावं आहेत, मोहरांना नावं आहेत. खुर्द्यात शिपाई आहेत, बुणगे आहेत, बायका आहेत. बैल, घोडे, उंट तर खुर्द्यातही नाहीत. कादंबरी हा निरोप जसाच्या तसा देऊन पुढे जाते, की खुर्दा मोजायला थांबते?

*सावधान :* आजचे शब्द त्या काळातल्या पात्रांच्या तोंडी घालू नका. ‘भाऊंना पर्यावरणाचं भान नव्हतं’ हे वाक्य निरर्थक आहे. ‘चारा संपत आल्याची बातमी कादंबरीत तीनदा सदरेपर्यंत येते आणि तीनही वेळा मसलत दुसऱ्याच विषयाकडे वळते’ हे वाक्य कामाचं आहे, अर्थात तसं खरंच घडत असेल तर.

टप्पा ६ : पराभवानंतरची पानं

कादंबरी कुठे थांबते ते नीट बघा. शेवटच्या तोफेपाशी? भाऊ गर्दीत दिसेनासे होतात तिथे? की त्यानंतरही चालू राहते? कारण बायकांचं युद्ध तिथे संपत नाही. पानिपतानंतर बायका-मुलं मोठ्या संख्येनं गुलाम म्हणून नेली गेली. पार्वतीबाई परतल्या, पण नवरा गेला हे त्यांनी मानलं नाही. गोपिकाबाईंचं उरलेलं आयुष्य आपल्या गोदेच्या काठी गेलं. या सगळ्याला किती पानं मिळाली?

आणि जमीन? पानिपतला ‘काला आंब’ नावाचं स्मारक आहे. रक्तानं तिथलं आंब्याचं झाड काळं पडलं, अशी आख्यायिका सांगतात. कादंबरीत असं झाड, अशी नदी शेवटी येत असेल तर विचारा : हे झाड स्वतःसाठी आलं आहे, की पुरुषांच्या दुःखाचं चिन्ह म्हणून? त्या मातीत पुढच्या वर्षी काय पिकलं, कुणी नांगरलं, याची चौकशी करणारी कादंबरी विरळा. तुमची तशी असेल तर तिच्यावर सविस्तर लिहा.

दुसऱ्या महायुद्धावरची कादंबरी वाचणाऱ्यांना हा टप्पा आणखी महत्त्वाचा आहे. १९४२ मध्ये जपानी येतील या भीतीनं बंगालच्या किनाऱ्यावरच्या नावा आणि तांदूळ सरकारनं काढून घेतले, आणि १९४३ चा दुष्काळ पडला. रणांगण दूर आणि मरण घरात, अशी ही रचना आहे. तिथे रणांगण सोडून स्वयंपाकघराकडेच आधी बघावं लागतं.

टप्पा ७ : लिहिणं

वहीतून तीनच नोंदी निवडा. सगळ्या घातल्या की लेखाची यादी होते. तीनांपैकी एक तरी तुमच्या मताच्या विरोधात जाणारी हवी, आणि तिला उत्तर द्या. ते नसेल तर लेख वकिली वाटतो.

मुख्य विधान घडवताना ही जोडी समोर ठेवा.

कच्चं : ‘या कादंबरीत स्त्री आणि निसर्ग यांचं शोषण दिसतं.’

पक्कं : ‘या कादंबरीत पुरवठा सुरळीत असतो तोवर पाणी आणि सरपण वाहणाऱ्या दासी वाक्यातून गायब असतात. उपासमार सुरू झाल्यावर त्या दिसू लागतात, पण बोजा म्हणून. त्याच प्रकरणांत यमुना मात्र बाईच्या रूपकांनी भरून वाहते.’

दुसरं विधान खोडता येतं, कुणीही पुस्तक उघडून पडताळू शकतं. म्हणून ते विधान आहे.

गटात मांडणार असाल तर निष्कर्ष आधी सांगू नका. एक उतारा वाचून दाखवा, सहा रकान्यांचा कोरा कागद वाटा आणि सगळ्यांना भरू द्या. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवरून शिकायला आलेल्या मुली गटात असतील, तर त्यांना बोलायला वेळ द्या. उन्हाळ्यात विहिरीत उतरून पाणी काढणं त्यांनी पाहिलेलं असतं, केलेलं असतं, आणि ‘पाणी आलं’ या वाक्यातला गाळलेला कर्ता त्या सगळ्यांच्या आधी पकडतात. मात्र त्यांना नमुना म्हणून उभं करू नका. आधी त्यांनी कादंबरीबद्दल बोलावं, अनुभव सांगायचा की नाही हे त्या ठरवतील.

लेख देण्याआधी तीन गोष्टी करा. ‘माता’, ‘जननी’, ‘कोमल’ हे शब्द तुमच्या स्वतःच्या वाक्यांत आले असतील तर खोडा, अवतरणात असतील तर राहू द्या. ‘निसर्ग’ हा शब्द जिथे जिथे आला आहे, तिथे नदी, बैल, बाभूळ, गवत यांपैकी नेमकं काय म्हणायचं आहे ते घाला. आणि प्रत्येक अवतरणाचा पान क्रमांक पुस्तक उघडून पुन्हा ताडून बघा, आवृत्तीचं वर्ष सोबत लिहा.